अण्णांची स्प्लेंडर सुरू होत नाही. इंजिन उतरवायचं का?

प्रश्न : नमस्कार काका. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून लिहितोय. आमच्या अण्णांची २००३ ची स्प्लेंडर आहे. त्यांचे गुडघे दुखायला लागल्यापासून ती गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. दोन पावसाळे गेले. मी आता पुण्यातली नोकरी सोडून गावी आलोय आणि मला ती वापरायची आहे. टाकीत पेट्रोल होतं, त्यातच दोन लिटर नवीन ओतलं. पहिल्या दिवशी चोक देऊन दोनदा सुरू झाली, पण चोक काढला की लगेच बंद. दुसऱ्या दिवसापासून नुसत्या किका. बॅटरी उतरली असेल म्हणून नवी बसवली, प्लगही नवा टाकला. आता हॉर्न वाजतो, इंडिकेटर लागतात, पण गाडी काही चालू होत नाही. किक मारताना पायाला चांगला झटका मात्र बसतो. गॅरेजवाल्याने चार किका मारल्या आणि म्हणाला, बोअर गेलाय, इंजिन उतरवावं लागेल, आठ-नऊ हजार धरून चाल. अण्णा म्हणतात, शेवटपर्यंत एका किकमध्ये चालू व्हायची, उभ्या उभ्या बोअर जाईलच कसा? काय करू? मी वयाने लहान आहे, अरेतुरे केलंत तरी चालेल.

उत्तर : अण्णा बरोबर बोलतायत. इंजिनाला आत्ता हात लावू देऊ नकोस.

तुझ्या पत्रातल्या दोन वाक्यांत जवळजवळ सगळं निदान आहे. पहिलं, किक मारताना पायाला झटका बसतो. म्हणजे कॉम्प्रेशन आहे, पिस्टन आतली हवा नीट दाबतोय. बोअर गेलेल्या, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो ती झिजलेल्या गाडीची किक अशी सहज खाली जाते की आत काही आहे की नाही असं वाटावं. आणि बोअर खरंच गेला असेल तरी ही गाडी कुरकुरत, निळा धूर सोडत का होईना, सुरू होते. आपल्याकडे कितीतरी स्प्लेंडर तशाच फिरतात. दुसरं वाक्य, चोकवर सुरू झाली आणि चोक काढला की बंद पडली. चोक देणं म्हणजे हवा अडवून इंजिनाला जास्त पेट्रोल ओढायला लावणं. त्या जास्तीच्या पेट्रोलवर ती चालते आणि नेहमीच्या पेट्रोलवर मरते, याचा सरळ अर्थ नेहमीच्या वाटेने पेट्रोल पुरेसं पोचत नाहीये. ही वाट कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात असते, बोअरमध्ये नाही.

बॅटरीचे पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही, हॉर्नला ती लागतेच. पण ही गाडी सुरू व्हायला बॅटरीची गरज नव्हती. तुझ्या मॉडेलमध्ये प्लगचा करंट थेट मॅग्नेट कॉईलमधून, म्हणजे इंजिन फिरलं की वीज तयार करणाऱ्या कॉईलमधून, सीडीआयला, म्हणजे ठिणगी वेळेवर पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला जातो. बॅटरी काढून बाजूला ठेवली तरी ती किकवर सुरू व्हायला हवी. पॉइंटवाली जुनी बुलेट किंवा बॅटरीवर चालणारा डीसी सीडीआय असलेल्या गाड्या यांचं तसं नाही. तिथे बॅटरी मेली की गाडी मेली. शेजारचे लोक सल्ला देतात तो बहुतेक वेळा त्यांच्या स्वतःच्या गाडीवरून दिलेला असतो, हे लक्षात ठेव.

आता पेट्रोल. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालव.

दोन वर्षं टाकीत पडलेल्या पेट्रोलमधला चटकन पेट घेणारा हलका भाग उडून गेलेला असतो. मागे जड, चिकट भाग उरतो आणि तो सुकला की बारीक भोकांमध्ये वार्निशसारखा थर धरतो. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वीस टक्क्यांचं मिश्रण पंपांवर आलं, त्याआधी दहा टक्के होतं. इथेनॉल आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांमधून जातं, त्यामुळे त्याला नावं ठेवायला जीभ जरा अडखळते. पण ते हवेतला ओलावा धरतं हे खरं आहे. गोठ्याशेजारचं शेड, अर्धी रिकामी टाकी आणि साताऱ्याकडचा पावसाळा. पाणी एका मर्यादेपलीकडे वाढलं की ते इथेनॉलला सोबत घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. पेट्रोलचा कॉकही तळाशीच असतो. वरून नवीन दोन लिटर ओतल्याने हे काही बदलत नाही. उलट खाली शांत बसलेला गाळ ढवळला जातो. पहिल्या दिवशी निदान दोनदा सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी अजिबात नाही, याचं कारण बहुधा हेच असावं.

हे डोळ्यांनी बघता येतं. गाडी उघड्यावर आण. शेडमध्ये नको, जवळ चूल नको, विडीवाला कोणी नको, आणि टाकीत डोकवायला लायटर तर मुळीच नको. टॉर्च वापर. कॉक बंद करून कार्बोरेटरला येणारा पेट्रोल पाईप सोडव आणि त्याचं टोक पांढऱ्या काचेच्या बाटलीत धर. कॉक ‘रिझर्व्ह’वर कर. ‘ऑन’वर पेट्रोल जरा उंचावरच्या नळीतून येतं, रिझर्व्हवर अगदी तळातलं येतं, आणि आपल्याला तळातलंच बघायचंय. अर्धी बाटली भरली की कॉक बंद कर आणि बाटली पंधरा मिनिटं न हलवता ठेव. खाली वेगळा थर दिसला, मध्ये स्पष्ट रेघ दिसली, तर ते पाणी मिसळलेलं इथेनॉल. तळाला तांबूस भुकटी दिसली तर टाकी आतून गंजलीये. वासही घे, पण लांबून. ताज्या पेट्रोलचा वास नाकात जातो, कुजलेल्याचा आंबूस, रंगाच्या डब्यासारखा येतो.

बाटली भरताना धारेकडेही लक्ष ठेव. धार सलग पडली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर कॉकच्या आतली जाळी गाळाने भरलीये. आधी चांगली आली, मग बारीक झाली, आणि टाकीचं झाकण उघडताच पुन्हा मोठी झाली, तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. अशी गाडी सुरू होते, थोडं अंतर जाते आणि बंद पडते. लोक मग कॉईल बदलतात, सीडीआय बदलतात, आणि रोग झाकणात असतो.

बाटलीत काही सापडो न सापडो, टाकी पूर्ण रिकामी कर. ते पेट्रोल शेकोटीत किंवा गटारात ओतू नकोस. गॅरेजवाल्याला पार्ट धुवायला चालतं, त्याला देऊन टाक. पेट्रोल पाईप कडक झाला असेल, वाकवल्यावर चिरा दिसत असतील, तर नवा घाल. तो स्वस्त असतो, आणि वीस टक्के इथेनॉल येण्याआधीच्या गाड्यांचं रबर या पेट्रोलला लवकर कंटाळतं.

मग कार्बोरेटर. खालच्या वाटीला एक छोटा ड्रेन स्क्रू असतो. तो ढिला करून आतलं पेट्रोल पेल्यात घे. तिथे पाण्याचे गोळे पाऱ्यासारखे इकडेतिकडे पळताना दिसले तर समज, गाडी पाण्यावर सुरू करायची धडपड चालली होती. यानंतर नुसता वरून स्प्रे मारून भागेल का? माझ्या मते नाही. दोन पावसाळे उभी राहिलेल्या गाडीचा कार्बोरेटर खोलावाच लागतो. हे काम तू स्वतः करू शकतोस, फक्त घाई नको आणि पितळेच्या स्क्रूंना बरोबर रुंदीचा स्क्रूड्रायव्हर हवा. बारीक पात्याने जोर लावलास तर खाच बसते आणि मग साधं काम अवघड होतं. प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढ. बाजूचा हवेचा स्क्रू काढायच्या आधी तो हळूच आत फिरव, किती आटे बसतो ते मोज आणि लिहून ठेव. परत बसवताना तेवढेच आटे बाहेर सोडायचे. आत टेकला की थांब. आवळायचा नाही, टोक मोडतं.

वाटी उघडली की मधोमध दोन पितळी जेट दिसतील. जाड तो मेन जेट. बारीक, लांबट तो स्लो जेट, आणि आपला संशय याच्यावरच आहे. इंजिन मंद चालताना आणि सुरू होताना पेट्रोल यातून येतं. काढून उजेडाकडे धर. मधून टाचणीच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका दिसायला हवा. दिसला नाही, की तुझे आठ-नऊ हजार वाचले. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजत ठेव, मग साध्या इलेक्ट्रिक वायरमधली तांब्याची एकच तार सोलून अलगद आरपार घाल. सुई, टाचणी, स्टीलची तार नको. भोक एकदा मोठं झालं की जेट फेकायचा, आणि तोवर गाडी काळा धूर सोडत पेट्रोल पीत राहणार. जेट ज्या छिद्रात बसतो तीही वाट हवा मारून मोकळी कर. फ्लोट, म्हणजे वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा भाग, वर-खाली सहज हलतो का आणि त्याची पिन चिकटलीये का, हेही तेव्हाच बघ. वाटीचं रबर फुगून लांब झालं असेल तर ते परत खाचेत बसणार नाही, ओढाताण न करता नवं आण. स्प्लेंडर १९९४ मध्ये आली आणि तिचं ९७.२ सीसीचं इंजिन त्याहीआधीच्या सीडी-१०० पासून चालत आलेलं, त्यामुळे ही असली चिल्लर तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळते.

कार्बोरेटर वाळत असेल तोवर आणखी एक गोष्ट बघ, आणि हसू नकोस. सायलेन्सरच्या तोंडात एक लांब तार घालून बघ. गोठ्याजवळ उभ्या असलेल्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर करते, ते वाळलं की पक्कं बूच होतं. धूर बाहेर जाणार नाही तर नवी हवा आत येणार कुठून? तसंच बाजूचं कव्हर काढून एअर फिल्टरच्या डब्यात बघ. तिथे उंदरांनी चिंध्या आणि भुशाचा संसार मांडलेला असणं अजिबात नवलाचं नाही. उंदीर सापडले तर तारा कुरतडल्यात का ते शोधायलाच हवं.

पेट्रोलची बाजू नीट झाली की करंट. तू प्लग नवा टाकलास, पण तो ठिणगी देतो का हे बघितल्याचं लिहिलं नाहीस. प्लग काढ. ओला आणि पेट्रोलचा वास असलेला निघाला, तर पेट्रोल पोचतंय आणि करंटमध्ये किंवा पाण्यात गडबड आहे. इतक्या किका मारूनही कोरडा ठणठणीत निघाला, तर पेट्रोलच पोचत नाहीये. मग प्लग कॅपमध्ये घाल, त्याचा धातूचा भाग इंजिनावरच्या धातूच्या पात्यांना घट्ट टेकव, सावलीत ये आणि दुसऱ्याला किक मारायला सांग. निळी, कडक आवाजाची ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी नको. प्लग त्याच्या भोकापासून लांब धर, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. आणि प्लग न टेकवता किका मारायच्या नाहीत, त्याने कॉईल खराब होऊ शकते. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर हवी. नवा प्लग डब्यातून बरोबरच येतो असं धरून चालू नकोस.

ठिणगी नसेल तर लगेच सीडीआय विकत घ्यायला पळू नकोस. आधी प्लग कॅप वायरवरून फिरवून काढ, वायरचं हिरवं पडलेलं टोक अगदी थोडं काप आणि कॅप परत फिरवून बसव. मग चावीच्या स्विचचा संशय घे. या गाडीत चावी बंद केली की स्विच काळ्यावर पांढरी रेघ असलेली तार अर्थला जोडतो आणि करंट मरतो. चावी चालू केली की तो जोड सुटतो. आता स्विचमध्ये दोन पावसाळ्यांचा ओलावा आणि गंज बसला असेल तर चावी चालू करूनही तो जोड सुटतच नाही. हेडलाईट खोलून आतल्या तारांच्या गुच्छातून चावीच्या स्विचचं सॉकेट तात्पुरतं काढ आणि पुन्हा ठिणगी बघ. आली, तर गुन्हेगार स्विच. न विसरता सॉकेट परत जोड, नाहीतर गाडी चावीशिवायच सुरू होईल आणि कोणीही घेऊन जाईल. सॉकेट काढूनही ठिणगी नसेल तर मात्र मॅग्नेट कॉईल, सीडीआय आणि वरची कॉईल मीटर लावून तपासायला अनुभवी माणूस लागेल. चालू गाडीचा सीडीआय पाच मिनिटं उसना मिळाला तर लावून बघणं सगळ्यात सोपं. एका वेळी एकच वस्तू बदल. तीन एकदम बदलल्या तर गाडी सुरू होईलही, पण कशाने झाली ते कळणार नाही आणि पैसे तिन्हींचे जातील.

कॉम्प्रेशनबद्दल तुझ्या पायाने साक्ष दिलेलीच आहे. तरी मनाच्या समाधानासाठी प्लग काढून भोकावर अंगठा दाबून किक मारायला लाव. अंगठा ‘फट्ट’ करून उडाला की झालं. नाही उडाला तर भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोड, दोन-चारदा सावकाश किक फिरव आणि परत बघ. ऑईल टाकल्यावर जोर आला तर पिस्टनच्या रिंगा सुकल्या-चिकटल्यात, त्या बऱ्याचदा गाडी चालायला लागली की सुटतात. ऑईल टाकूनही काही फरक नाही, तर व्हॉल्व्ह बसत नाहीये. तेव्हा आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघायला सांग, आणि हेड खोलायची गोष्ट त्यानंतर. तेवढ्यापुरता गॅरेजवाला बरोबर ठरू शकतो, हेही मान्य करून ठेव.

त्या माणसाशी भांडू मात्र नकोस. गाव लहान आहे आणि पुढे-मागे तोच उपयोगी पडणार आहे. कार्बोरेटर खोलायचं धाडस झालं नाही तर त्याच्याकडेच जा, पण काम नेमकं सांग: “टाकी मी रिकामी केलीये, फक्त कार्बोरेटर खोलून स्लो जेट साफ करून द्या, मी इथेच बसतो.” जो पार्ट बदलेल तो जुना परत माग. एवढं बोललं की इंजिन उतरवायची भाषा आपोआप मागे पडते, असा माझा अनुभव आहे.

सगळं जोडून झालं की पहिली किक मारायच्या आधी इंजिन ऑईल बदल. जुनं ऑईल दुधाळ निघालं तर आत पाणी होतं, मग नवं ऑईलही थोडं चालवून पुन्हा एकदा बदलायचं. ताजं पेट्रोल लिटरभर टाक, कॉक ऑन करून मिनिटभर थांब म्हणजे वाटी भरेल, चोक दे आणि ॲक्सिलरेटर न पिळता किक मार. सुरू झाल्यावर प्लगच्या भोकातून टाकलेलं ऑईल जळून थोडा वेळ पांढरा-निळा धूर येईल, घाबरू नकोस. मिनिटभरात चोक काढ. या वेळी ती चालू राहिली तर काम झालं. धक्का मारून गिअरमध्ये सुरू करायचा सल्ला कोणीतरी देईलच. पेट्रोलच पोचत नसताना त्याने फक्त धक्का मारणारे दमतात.

रस्त्यावर काढायच्या आधी अण्णांना आरसी बुक शोधायला सांग. २००३ ची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०१८ मध्ये संपली. तेव्हा नूतनीकरण केलं असेल तर ते पाच वर्षांचं, तेही संपलेलं असणार. नूतनीकरणासाठी आरटीओत गाडी तपासणीला न्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. निदान थर्ड पार्टी विमा हवाच. आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात नवी सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची केलेली आहे, तीही मागून घे.

ब्रेक शू काढून ड्रम साफ कर, ब्रेकची केबल तुटक्या तारांची असेल तर बदल. आणि टायर बघ. नक्षी शिल्लक आहे यावर जाऊ नकोस. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बाजूच्या रबराला बारीक चिरा पडल्या असतील तर इंजिनाचे वाचलेले पैसे आधी तिथे घाल.